प्रेसवर तीन बोटे गेली आणि शंभर रुपयांच्या मुद्रांकावर हक्क सुटल्याचे लिहिले गेले: नुकसानभरपाईसाठी आता काय करावे?

माळरान (धागाकर्ता), ३ मार्च २०२४

माझा पुतण्या तीन वर्षांपूर्वी लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून भोसरीला कामाला गेला. त्याचे वय २६ वर्षे आहे. एका लहान शेडमध्ये पॉवर प्रेसवर पत्र्याचे जॉब काढण्याचे काम तो करीत असे. ९ फेब्रुवारीच्या रात्रपाळीत, डायमधला जॉब हाताने उचलत असताना, पेडलवर पाय नसतानाही प्रेस दुसऱ्यांदा खाली आला आणि त्याच्या उजव्या हाताची तर्जनी, मधले बोट व अनामिका ही तिन्ही बोटे मुळापासून गेली.

ज्या ठेकेदाराने त्याला कामाला लावले होते, त्यानेच त्याला खासगी रुग्णालयात नेले आणि बिलही शेडच्या मालकाने भरले, हे मान्य करायला हवे. मात्र मी गावाहून पोहोचलो तेव्हा दोन गोष्टी कळल्या. रुग्णालयाच्या कागदावर दुखापतीचे कारण ‘दुचाकीवरून पडून’ असे लिहिलेले आहे. शिवाय ठेकेदाराने मला मोबाइलवर शंभर रुपयांच्या मुद्रांकाचे छायाचित्र पाठवले, ज्यावर १२ फेब्रुवारी ही तारीख असून ‘माणुसकीच्या नात्याने ८०,००० रुपये मिळाले, यापुढे माझा किंवा माझ्या वारसांचा कोणताही हक्क राहिलेला नाही’ असा मजकूर आहे आणि खाली पुतण्याची सही आहे. पैसे त्याच्या खात्यात आले आहेत. सही आपलीच दिसते, पण ती केव्हा केली हे आठवत नाही, असे तो म्हणतो.

पगार महिना १६,५०० रुपये होता. त्यातले ९,००० बँकेत येत आणि उरलेले रोख मिळत. मालक म्हणतो की मुलगा ठेकेदाराचा आहे, आणि ठेकेदार म्हणतो की प्रेस मालकाचा आहे. पुतण्या आता गावी परतला आहे. हक्क खरोखरच संपला आहे का, आणि नसल्यास सुरुवात कोठून करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

भरारी, ३ मार्च २०२४

वाचून वाईट वाटले. पगार २१,००० रुपयांच्या आत आहे, म्हणजे राज्य कामगार विमा योजना (ईएसआय) लागू असणार. ईएसआयच्या शाखा कार्यालयात जावे. न्यायालयाच्या वाटेला जाण्याची गरजच पडणार नाही.

जुना_दप्तरी, ४ मार्च २०२४

कामगार न्यायालयाच्या दप्तरात माझी नोकरी गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मी वकील नाही, हे आधीच सांगतो.

भरारी यांनी उपस्थित केलेला प्रश्न योग्य आहे आणि तोच पहिला प्रश्न असला पाहिजे. जेथे ईएसआय लागू असते, तेथे त्या कायद्याच्या कलम ५३ मुळे नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याखाली मालकाकडून भरपाई मागता येत नाही. तेथे उपचार आणि रजेच्या काळातील पैसे विमा महामंडळ देते, आणि कायमचे अपंगत्व आल्यास वैद्यकीय मंडळाने ठरवलेल्या टक्केवारीप्रमाणे आयुष्यभर मासिक लाभ मिळतो. तरुण माणसाच्या बाबतीत हा लाभ पुष्कळदा एकरकमी भरपाईपेक्षा सरस ठरतो. ठेकेदाराने नोंदणीच केली नव्हती किंवा हप्ते भरले नव्हते, एवढ्याने कामगाराचा हा हक्क जात नाही. महामंडळ ते पैसे मालकाकडून वसूल करू शकते. त्यामुळे त्या शेडमध्ये एकूण किती माणसे काम करतात, ठेकेदाराची धरून, हे सर्वप्रथम सांगावे. दहा किंवा अधिक असतील तर मार्ग ईएसआयचा आहे. पूर्वी कधी दहा होती आणि आता कमी झाली असतील, तरीही एकदा लागू झालेला तो कायदा सुटत नाही.

ईएसआय लागू नसेल तर कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ लागू होतो. जुने लोक त्याला अजून वर्कमेन कॉम्पेन्सेशनच म्हणतात. नाव २००९ च्या दुरुस्तीने बदलले. आता त्या मुद्रांकाविषयी. कलम १७ सांगते की कामगाराने भरपाईचा हक्क सोडल्याचा किंवा मालकाची जबाबदारी कमी केल्याचा कोणताही करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो, मग तो शंभराच्या मुद्रांकावर असो की हजाराच्या. तडजोड करायचीच असेल तर तिचे ज्ञापन आयुक्तांकडे, म्हणजे या कायद्याखालचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, नोंदवावे लागते आणि रक्कम अपुरी वाटल्यास किंवा ती फसवून, दडपणाखाली ठरल्याचे दिसल्यास आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. न नोंदवलेल्या तडजोडीच्या आधारे मालकाची सुटका होत नाही. माझ्या नोकरीत असे मुद्रांक मी शेकड्यांनी पाहिले. त्यांचा कायद्यात फारसा उपयोग नसतो. उपयोग असतो तो माणूस घरी बसून राहावा यासाठी. आपला हक्क संपला असे समजून तो गप्प बसतो आणि दावा करण्याची दोन वर्षांची मुदत त्या गैरसमजातच निघून जाते.

मला अधिक काळजी रुग्णालयाच्या कागदाची वाटते. भरपाईचे दावे न्यायालयात हरण्याच्या पुष्कळ आधी, अपघातानंतरच्या पहिल्या आठवड्यात हरले जातात, कारण त्या आठवड्यात तयार होणारा प्रत्येक कागद दुसऱ्याच्या हातात असतो. त्यामुळे आज तीन कामे करावीत. मालक आणि ठेकेदार अशा दोघांच्या नावे अपघाताची तारीख, वेळ, जागा आणि कारण लिहून कलम १० ची सूचना रजिस्टर्ड पोस्टाने पोचपावतीसह पाठवावी. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्यावी. आणि हजेरी कार्ड, बँकेचे उतारे, ठेकेदाराशी झालेले मोबाइलवरील संदेश हे सर्व एकत्र करून त्याची प्रत दुसऱ्या कोणाकडे तरी ठेवावी, कारण मोबाइल हरवतात.

त्या मुद्रांकाच्या मागच्या बाजूचे छायाचित्र आहे का?

माळरान, ४ मार्च २०२४

शेडमध्ये दोन पाळ्या मिळून सात माणसे आहेत. पुतण्याच्या सांगण्याप्रमाणे तीन वर्षांत कधीही आठाच्या वर गेली नाहीत, म्हणजे ईएसआयचा मार्ग बंद दिसतो. मागच्या बाजूचे छायाचित्र शोधतो. ठेकेदाराने दोन पाठवली होती, पण मी एकच उघडून पाहिले.

हाडवैद्य, ५ मार्च २०२४

टोपणनावावर जाऊ नये, मी पदवीधर अस्थिरोगतज्ज्ञ आहे आणि औद्योगिक पट्ट्यातच व्यवसाय करतो.

रुग्णालयाच्या आंतररुग्ण कागदपत्रांची प्रत लेखी अर्ज करून मागावी. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे अर्ज केल्यापासून ७२ तासांत ती द्यावी लागते. केवळ डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नये. शस्त्रक्रियेची टिपणे, भूलतज्ज्ञाचा कागद, परिचारिकांच्या नोंदी आणि क्ष-किरण चित्रे या सर्वांची प्रत घ्यावी. दाखल करताना सांगितलेले कारण हे सोबत आलेल्या माणसाने सांगितलेले असते आणि डॉक्टर ते लिहून घेतात. पण शस्त्रक्रियेच्या टिपणात डॉक्टर स्वतः जे पाहतात ते लिहितात. प्रेसखाली गेलेली बोटे एका सरळ रेषेत, डायच्या कडेप्रमाणे तुटतात, कडा चेचलेल्या असतात आणि जखमेत ऑइल व पत्र्याचे कण सापडतात. दुचाकीवरून पडणाऱ्याचा हात रस्त्यावर घासतो, तळवा आणि कोपर सोलवटते. तीन बोटे मुळापासून एका रेषेत गेली आणि गुडघ्याला खरचटलेही नाही, असा दुचाकीचा अपघात मी तरी पाहिलेला नाही. आपण तेथील डॉक्टरांना साक्षीला बोलावू शकता. जुनी नोंद खोडून द्या असा आग्रह मात्र धरू नये, त्याने उलट संशय वाढतो. खरे कारण सांगणारा लेखी अर्ज रुग्णालयाला द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

टक्केवारीविषयीही गोंधळ होतो. दिव्यांग प्रमाणपत्रावरील टक्के वेगळे आणि या कायद्यातील कमावण्याच्या क्षमतेतील घट वेगळी. बोटे, हात, डोळा अशा दुखापतींची टक्केवारी कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतच दिलेली आहे: एका हाताची तीन बोटे गेल्यास ३० टक्के, चारही गेल्यास ५०, अंगठा गेल्यास ३०, एक डोळा गेल्यास आणि दुसरा निरोगी असल्यास ४०. अनुसूचीत नसलेल्या दुखापतीत, उदाहरणार्थ मणक्याच्या, डॉक्टरांनी ठरवलेली घट धरतात.

आणि एक शंका. शस्त्रक्रिया ९ तारखेच्या रात्री किंवा १० च्या पहाटे झाली असणार. १२ तारखेला उजव्या हाताला कोपरापर्यंत जाड ड्रेसिंग असणार आणि हात उंच टांगलेला असणार. आपला पुतण्या उजव्या हाताने लिहितो ना? मग मुद्रांकावरची सही वेडीवाकडी आहे की नेहमीसारखी?

माळरान, ५ मार्च २०२४

नेहमीसारखी आहे. अक्षर न अक्षर जुळते. हे आमच्या कोणाच्याच लक्षात आले नव्हते.

दुसरे छायाचित्रही सापडले. मागच्या बाजूला मुद्रांक विक्रेत्याचा शिक्का आहे आणि खरेदीची तारीख जून २०२१ ची आहे, म्हणजे पुतण्या कामाला लागला तोच महिना. त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला की कामावर घेताना चार-पाच कागदांवर सह्या घेतल्या होत्या आणि त्यांतले काही कोरे होते.

जुना_दप्तरी, ५ मार्च २०२४

दोन्ही छायाचित्रे ज्या संदेशातून आली तो संदेश पुसू नये, मोबाइलही विकू नये. विक्रेत्याच्या नोंदवहीत अनुक्रमांक, खरेदीदाराचे नाव आणि कारण असते. ती नोंदवही पुढे न्यायालयामार्फत मागवता येईल. आत्ता स्वतः तेथे जाऊन चौकशी करू नये.

लघुउद्योजक, ६ मार्च २०२४

माझ्या स्वतःच्या शेडमध्ये चार प्रेस आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. कोऱ्या कागदावर सह्या घेणाऱ्याचे समर्थन मी करणार नाही. परंतु प्रत्येक अपघातात मालक हा खलनायकच असतो, असे गृहीत धरणेही अन्यायाचे आहे. आम्ही दोन हातांची बटणे बसवून देतो, म्हणजे दोन्ही हात बटणावर असल्याशिवाय प्रेस खाली येतच नाही. आणि नगावर पैसे मिळवणारा ऑपरेटर त्यातले एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवतो, कारण त्याला तासाला जास्त जॉब काढायचे असतात. अशा वेळी दोष कोणाचा? शिवाय येथील मालकाने रुग्णालयाचे पूर्ण बिल भरले आहे, ते भरपाईतून वजा व्हायला नको का? माझ्यासारख्या माणसाला पाच-सहा लाख एकदम भरावे लागले तर शेड बंद होईल आणि उरलेल्या सहा जणांची रोजीरोटी जाईल.

ठिणगी, ६ मार्च २०२४

मी गेली अनेक वर्षे कामगार संघटनेत काम करते. लघुउद्योजक साहेबांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे, म्हणून उत्तरही सरळ देते.

या कायद्यात चूक कोणाची होती हा प्रश्नच मुळात येत नाही. काम करताना आणि कामामुळे अपघात झाला, एवढे पुरेसे आहे. कामगाराचा निष्काळजीपणा हा बचाव नाही. अपवाद मोजके आहेत: दुखापत थेट नशेमुळे झाली, सुरक्षेसाठी स्पष्टपणे दिलेला आदेश किंवा नियम त्याने जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षेचे साधन आहे हे माहीत असून त्याने ते हेतुपुरस्सर काढले. आणि हे अपवादसुद्धा मृत्यू झाल्यास किंवा पूर्ण कायमचे अपंगत्व आल्यास मालकाच्या उपयोगी पडत नाहीत. चिकटपट्टी कामगाराने लावली हे मालकाने सिद्ध करायचे असते. ती चिकटपट्टी महिनोन्‌महिने सुपरवायझरच्या डोळ्यांसमोर राहत असेल आणि त्याच वेगावर पाळीचे उत्पादन ठरत असेल, तर ती एकट्या कामगाराची इच्छा होती असे म्हणता येणार नाही. या प्रकरणात तर प्रेस पेडलचा होता. काढण्यासारखे साधनच तेथे नव्हते.

रुग्णालयाचे बिल वजा होत नाही. उपचारासाठी मालकाने दिलेले पैसे भरपाई म्हणून धरू नयेत असे कलम ४ मध्येच स्पष्ट केले आहे, आणि २००९ पासून उपचाराचा प्रत्यक्ष खर्च देणे ही मालकाची वेगळी जबाबदारी आहे. राहिला शेड बंद पडण्याचा प्रश्न, तर त्यासाठीच विमा असतो. या केंद्रीय कायद्यात विम्याची सक्ती नाही, म्हणून अनेक जण तो काढत नाहीत आणि मग अपघाताच्या रात्री मुद्रांक शोधतात. आपण काढला असेलच अशी आशा आहे.

माळरानदादा, आपल्यासाठी एक घाईचे काम. त्या पाळीत जी माणसे हजर होती त्यांची पूर्ण नावे, गावाचे पत्ते आणि घरच्यांचे मोबाइल क्रमांक आजच घ्यावेत. होळी २५ मार्चला आहे. बिहार आणि उत्तर प्रदेशातली मुले होळीला गावी जातात आणि परतल्यावर त्याच शेडमध्ये येतील याची काही शाश्वती नसते. माझ्या माहितीतले निम्मे साक्षीदार अशा सणांमध्ये हरवले आहेत. वकिलाच्या खर्चाची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. औद्योगिक कामगाराला १९८७ च्या कायद्याप्रमाणे मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.

लघुउद्योजक, ६ मार्च २०२४

विमा काढलेला आहे, ताई. बिलाच्या मुद्द्याची मला कल्पना नव्हती, ते मागे घेतो.

जुना_दप्तरी, ७ मार्च २०२४

रकमेचा हिशोब मांडून दाखवतो, म्हणजे ८०,००० म्हणजे नेमके काय होते ते कळेल. पूर्ण कायमच्या अपंगत्वासाठी मासिक वेतनाच्या ६० टक्के गुणिले वयाचा गुणक असे सूत्र आहे. मृत्यूसाठी ५० टक्के धरतात. ३ जानेवारी २०२० पासून हिशोबासाठी वेतनाची कमाल मर्यादा १५,००० रुपये आहे. २६ वर्षांच्या माणसाचा गुणक चौथ्या अनुसूचीत २१५.२८ आहे. १५,००० चे ६० टक्के म्हणजे ९,०००, ते गुणिले २१५.२८ म्हणजे १९,३७,५२० रुपये, आणि त्याचे ३० टक्के म्हणजे ५,८१,२५६ रुपये. भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ सालीच सांगितले आहे. महिन्याभरात न दिल्यास द.सा.द.शे. १२ टक्के व्याज लागते आणि पुरेसे कारण नसल्यास आयुक्त ५० टक्क्यांपर्यंत दंडही लावू शकतात. व्याज विमा कंपनीवर टाकता येते, पण दंड मालकालाच सोसावा लागतो.

आता खरी मेख पाहावी. मालकाची बाजू बँकेतले ९,००० रुपये हेच वेतन म्हणून सांगणार. तसे धरले तर हीच रक्कम ३,४८,७५४ रुपयांवर येते. म्हणजे सव्वादोन लाखांहून अधिक फरक केवळ रोख मिळणारे पैसे सिद्ध होतात की नाही यावर आहे. म्हणून हजेरी कार्डे आणि रोख पैशांविषयीचे संदेश हे मुद्रांकाच्या भानगडीपेक्षाही महत्त्वाचे आहेत. त्या उद्योगाच्या किमान वेतनाची अधिसूचनाही सोबत जोडावी.

अर्ज भोसरीलाच करावा लागेल असे नाही. कलम २१ प्रमाणे कामगार जेथे राहतो त्या भागाच्या आयुक्तांकडेही तो करता येतो. अपघातस्थळाच्या आयुक्तांना सूचना जाते एवढेच. आपल्या राज्यात हे काम बहुतेक ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीश आणि काही ठिकाणी वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश पाहतात. मालक व ठेकेदार दोघांनाही पक्षकार करावे. स्वतःच्या आवारात स्वतःच्या धंद्याचे काम ठेकेदाराकडून करून घेणारा मालक कलम १२ प्रमाणे स्वतः जबाबदार असतो. नंतर त्याने ठेकेदाराकडून वसूल करावे.

मी उल्लेख केलेला तो १९७५ चा निकाल एका सुताराचा आहे. चित्रपटगृहात नक्षीकाम करताना १९६८ साली तो पडला आणि त्याचा डावा हात कोपरापासून कापावा लागला. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून अनुसूचीतली टक्केवारी बाजूला ठेवून त्याचे अपंगत्व पूर्ण धरले गेले. आपल्या वकिलांना हा मुद्दा सुचवून पाहावा. तीन बोटांसाठी तो मान्य होईल असा भरवसा मी देणार नाही.

कोयता, ९ मार्च २०२४

मी बीडचा. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्याचा पाय मोडला की मुकादम पहिल्यांदा उचलीचा हिशोब काढतो आणि म्हणतो, तुझी भरपाई उचलीत वळती केली. हे कायद्यात बसते का? आणि कारखाना जबाबदार असतो का?

जुना_दप्तरी, ९ मार्च २०२४

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्वच्छ नाही असे आहे. कलम ९ प्रमाणे या भरपाईवर जप्ती आणता येत नाही, ती गहाण पडत नाही आणि कोणतेही देणे तिच्यात वळते करता येत नाही. उचल असेल तर ती स्वतंत्रपणे मागावी. मृत्यूच्या प्रकरणात तर भरपाई परस्पर वारसाच्या हातात दिली तरी ती दिली असे धरले जात नाही. ती आयुक्तांकडेच जमा करावी लागते. तीन महिन्यांच्या वेतनाइतकी आगाऊ रक्कम तेवढी वारसांना देता येते.

दुसऱ्या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. कारखान्याच्या आवारात, वजनकाट्याजवळ किंवा गव्हाणीपाशी अपघात झाला तर कारखान्यावर दावा सांगणे सोपे जाते. शेतकऱ्याच्या फडात झाला तर ती जागा कारखान्याच्या ताब्यात नव्हती, हा बचाव ठरलेला असतो आणि तो कायद्याच्या शब्दांत बसतोही. माझ्या मते ही कायद्यातली फट आहे.

माळरान, २१ जुलै २०२४

सर्वांचे आभार मानून झालेली प्रगती कळवतो. सूचना दोघांनाही मिळाल्या. मालकाने उत्तर दिले नाही, ठेकेदाराने ‘सदर इसम आमच्याकडे कामाला नव्हता’ असे वकिलामार्फत कळवले, आणि त्याच ठेकेदाराच्या खात्यातून ३२ महिने पगार आल्याचे बँकेच्या उताऱ्यावर आहे. रुग्णालयाने प्रथम टाळाटाळ केली, पण लेखी अर्जाची पोच दाखवल्यावर सर्व कागद दिले. शस्त्रक्रियेच्या टिपणात जखमेत ग्रीस आणि धातूचे कण आढळल्याचे लिहिले आहे. परिचारिकेच्या १२ फेब्रुवारीच्या नोंदीत उजवा हात ड्रेसिंगमध्ये व उंच ठेवलेला असल्याचा उल्लेख आहे. विधी सेवा प्राधिकरणाने वकील दिले आणि मे महिन्यात आमच्याच जिल्ह्यात अर्ज दाखल झाला. ठिणगीताईंनी सांगितल्याप्रमाणे चार सहकाऱ्यांचे पत्ते होळीआधीच घेतले होते. त्यांतले तीन परतले नाहीत.

८०,००० रुपये परत करावेत का, असे आम्ही वकिलांना विचारले होते. ते म्हणाले की परत करू नयेत. अर्जात ते मिळाल्याचे स्पष्ट लिहावे आणि भरपाईच्या रकमेतून आयुक्तांना योग्य वाटेल ते वजा होऊ द्यावे. लपवलेला आकडा आपलाच दावा पाडतो, असेही ते म्हणाले.

पायवाट, ६ डिसेंबर २०२५

जुना धागा वर काढत आहे, कारण २१ नोव्हेंबरपासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि १९२३ चा कायदा तिच्यात विलीन झाला. भरपाईची तरतूद आता संहितेच्या सातव्या प्रकरणात आहे आणि आयुक्तांच्या जागी ‘सक्षम प्राधिकारी’ हा शब्द आला आहे. घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दिसत असेल तर, कामाच्या ओघातलाच धरावा असे संहितेत लिहिले आहे.

हा शेवटचा मुद्दा आपल्याकडच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ रोजी जुन्या कायद्याखालीही मान्य केला. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील साखर कारखान्याचा एक पहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला होता आणि कारखाना सुमारे पाच किलोमीटरवर असताना अपघातात मृत्यू पावला. आयुक्तांनी कुटुंबाला ३,२६,१४० रुपये व व्याज मंजूर केले, उच्च न्यायालयाने २०११ साली ते रद्द केले, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा कायम केले. मधे बावीस वर्षे गेली. माळरान यांच्या प्रकरणाचे पुढे काय झाले? नव्या संहितेमुळे अर्ज पुन्हा करावा लागतो का?

जुना_दप्तरी, ७ डिसेंबर २०२५

पुन्हा करावा लागू नये. अपघाताच्या दिवशी जो कायदा लागू होता त्याप्रमाणेच भरपाई ठरते, आणि तो दिवस फेब्रुवारी २०२४ चा आहे. यापुढे होणाऱ्या अपघातांसाठी मात्र कलमांचे क्रमांक बदलले असल्याने या धाग्यावरून क्रमांक उतरवून घेऊ नयेत.

माळरान, ७ डिसेंबर २०२५

निकाल अजून लागलेला नाही. अर्ज तीन महिन्यांत निकाली काढावा असे कायद्यात लिहिलेले होते, हे वकिलांनी सांगितले तेव्हा न्यायालयाच्या बाकावर बसलेले सगळेच हसले.

मुद्रांकाची मूळ प्रत हजर करावी असा अर्ज आम्ही केला होता. त्यावर तीन तारखा घेऊन ठेकेदाराच्या बाजूने सांगण्यात आले की आपण त्या कागदावर भिस्त ठेवत नाही. त्यानंतर मालकाने वेतन ९,००० रुपये असल्याचे मान्य करून त्याप्रमाणे येणारे ३,४८,७५४ रुपये वाद कायम ठेवून जमा केले, आणि ते उचलण्याची परवानगी पुतण्याला मिळाली. त्यातून त्याने गावात पिठाची गिरणी घेतली आहे. आता वाद उरला आहे तो रोख मिळणाऱ्या ७,५०० रुपयांचा, व्याजाचा आणि दंडाचा. हजेरी कार्डांवर ओव्हरटाइमचे तास आणि रोख दिलेली रक्कम निळ्या शाईने लिहिलेली आहे. ते हस्ताक्षर सुपरवायझरचे आहे असे आमचे म्हणणे आहे, आणि १९ जानेवारीला त्याची साक्ष आहे.